एक नंबर वरची

सुग्रीवनं स्टीलची वाटी पाण्यात सोडली. ती डुलत दोनेक फूट खाली गेली आणि दिसेनाशी झाली. त्या टोकाला तलाव सहा फूट खोल होता, तळाला निळ्या फरशा बसवल्या होत्या; त्यांतली एकही वरून दिसत नव्हती.

"बघा नाना, ताक झालंय निस्तं," काठावर उभा असलेला अमरसिंह म्हणाला.

सुग्रीव तलावामागच्या छोट्या खोलीत गेला. तिथं छातीइतक्या उंचीचं एक पिंप होतं, त्यात अर्ध्याच्या वर वाळू भरलेली. मोटर तलावातलं पाणी ओढून या वाळूतून ढकलायची, गाळ वाळूत अडकायचा आणि पाणी पुन्हा तलावात यायचं, अशी ती सगळी रचना. मोटर त्यानं स्वतः बसवलेली, पाचची, म्हणजे पाच हॉर्सपॉवरची. त्यानं डोळे मिटून तिचा आवाज ऐकला. गेली तीस वर्षं तो मोटरींचे आवाज ऐकत आला होता. रस्त्यानं जाताना उसाआडून येणाऱ्या आवाजावरून ती तीनची की पाचची, हे तो सांगायचा आणि पैज जिंकायचा. या आवाजात खोट नव्हती. मोटर आठ दिवस ठणठणीत चालली होती आणि पाणी होतं तसंच होतं.

अमरसिंह दोनदा जिल्हा परिषदेवर निवडून आलेला गडी. धारूरच्या घाटाच्या कडेला त्यानं पुण्या-संभाजीनगरच्या पाहुण्यांसाठी पाच खोल्या बांधल्या होत्या आणि मधोमध हा तलाव. दसऱ्याला उद्घाटन होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. दसरा बारा दिवसांवर आला होता. पावडर टाकून झाली, तुरटी फिरवून झाली. आता त्याच्या मते एकच इलाज उरला होता.

"साडेसातची बसवा. तुमीच म्हणता ना, एक नंबर वरची."

ते सुग्रीवचंच वाक्य होतं. सिरसाळ्याच्या बाजारात त्याचं मोटरींचं दुकान याच वाक्यावर उभं होतं. गिऱ्हाईक तीनची मागायला आलं की तो पाचची द्यायचा, पाचची मागितली की साडेसातची. एक नंबर वरची घ्या आन निवांत झोपा, असं म्हणायचा आणि लोक घ्यायचे. विहिरी खोल, वीज कमी दाबाची, त्यामुळे पुष्कळदा त्याचं बरोबरही ठरायचं. दुकानातून गेलेली मोटर कुणी नको म्हणून परत केली नाही, हा त्याचा दुसरा अभिमान. साडेसातचीला तो हो म्हणणारच होता, पण सोबत त्याची मुलगी होती.

धनश्रीनं बीडला डिप्लोमा केला होता आणि दोन वर्षांपासून ती दुकानात बसत होती. मघापासून ती तलावाच्या कडेनं टेप धरून चालत होती, वहीत आकडे लिहीत होती. तिनं येऊन सांगितलं, साडेसातची नको. पाचचीही नको. एकाची पुरे.

अमरसिंह आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की पोरगी गंमत करत नाही.

"माझ्या गड्याच्या इहिरीवर पाचची हाय, आन माझ्या तलावावर एकाची? पाहुणे काय म्हणतील?"

"पाहुणे पाणी बघतील, भैय्या. मोटर कोण बघतंय?" धनश्री म्हणाली.

सुग्रीवला तिचं बोलणं आवडलं नाही. म्हणजे अमरसिंहापुढं आवडलं नाही. दोन दिवसांत कळवतो म्हणून त्यानं वेळ मारून नेली आणि दोघं मोटरसायकलवरून सिरसाळ्याला परतले. घाट उतरल्यावर त्यानं गाडी बाभळीखाली उभी केली, वही मागितली आणि म्हणाला, सांग एकदा नीट.

तिनं सांगितलं. तलाव पस्तीस फूट लांब, सोळा फूट रुंद, एकीकडं तीन फूट खोल आणि दुसरीकडं सहा. त्यात सत्तर हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे मोठे सात टँकर. हे सगळं पाणी सहा तासांत एकदा वाळूतून गेलं पाहिजे. तासाला बारा हजार लिटर झाले. तेवढ्याला एकाची मोटर बास. तुमची पाचची तासाला पन्नास हजार ढकलतेय.

"मंग बरंच की. सा तासाचं काम दीड तासात."

"काम होतच न्हाई ना, आबा. त्या पिंपातल्या वाळूला गाळ धरायला येळच मिळत न्हाई. पाचची ठेवायची तर तसली चार पिंपं लागतील."

सुग्रीवनं आणखी एक शंका काढली. एवढ्याशा मोटरीनं पाणी चढेल का? त्यावर धनश्री म्हणाली की चढवायचंच कुठं आहे, तिथलंच पाणी उचलून तिथंच सोडायचं आहे. हे मात्र त्याला ऐकूनच नवल वाटलं. आयुष्यभर त्यानं पाणी खालून वर आणलं होतं, ऐंशी फुटांवरून, शंभर फुटांवरून. आणलेलं पाणी पिकात जायचं, पुन्हा दिसायचं नाही. इथं तेच पाणी दिवसभर गोल फिरणार होतं, आणि घाई केली तर घाणच घेऊन फिरणार होतं. त्यानं ते आकडे पुन्हा एकदा बोट ठेवून पाहिले आणि वही परत दिली. पटलं असं तो म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान धनश्रीवर सोडून तो घरी गेला आणि बायकोकडं, मंगलकडं, एखादा फुटका माठ आहे का म्हणून विचारू लागला. मंगलनं मोरीमागून एक काढून दिला आणि त्या माठाचं तो काय करतो ते बघत दारात उभी राहिली. सुग्रीवनं माठाच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडलं, त्यावर चिंधी घातली, आत वाळू भरली आणि माठ बादलीवर ठेवला. मग अंगणातली माती एका घागरीत कालवली आणि ती घागर माठात भसकन ओतली.

वाळू उसळली. मधोमध खड्डा पडला, चिंधी सरकली आणि खालून जवळजवळ तेच गढूळ पाणी आलं. त्यानं बादली रिकामी केली, चिंधी बसवली, वाळू सारखी केली. आता तांब्यानं घेऊन, बारीक धार धरून तो ओतू लागला. हात भरून आला तरी त्यानं धार वाढवली नाही. बराच वेळ काहीच झालं नाही. मग थेंब आला, थेंबामागून थेंब, आणि अर्ध्या तासानं बादलीत चार बोटं पाणी जमलं. बादलीच्या बुडावरचा गंज दिसत होता.

मंगल म्हणाली, एवढं तर माझी आई पण करायची, त्यात बघण्यासारखं काय आहे? सुग्रीव पुन्हा ओतत राहिला. तिसऱ्यांदा केलं, चौथ्यांदा केलं. पोरासारखा तो माठापुढं उकिडवा बसला होता आणि त्याला खरंच मजा येत होती. मग एकाएकी ती मजा गेली. त्याला भामाबाई आठवली.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. भामाबाई मेंढरं राखणारी, घाटाखालच्या वस्तीवर राहणारी. साठ-सत्तर मेंढरं आणि त्यांच्या पाण्यापुरती एक लहानशी विहीर. ती दुकानात एकाची मोटर मागायला आली होती. सुग्रीवनं तीनची दिली. मोटर दोन महिन्यांत जळली. त्यानं आतली जळालेली तार बदलून ती भरून दिली. पुन्हा जळली. तेव्हा ती बाजारच्या दिवशी आली, दुकानात दहा-पंधरा माणसं बसलेली असताना, आणि म्हणाली की विहिरीला ही मोटर मोठी होते. विहिरीच्या पायऱ्यांचं ती काहीतरी सांगू लागली होती. सुग्रीवनं ते ऐकून घेतलं नाही.

"मावशी, मोटर कधी मोठी नसती," तो म्हणाला होता. "इहीर लहान असती."

दुकान हसलं होतं. ते वाक्य पुढं बाजारभर झालं. कुणाची मोटर जळली की लोक तेच ऐकवायचे आणि सुग्रीवही हसायचा. भामाबाई पुन्हा दुकानात आली नाही. ती दोरीनं पाणी शेंदते, असं मध्ये कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हाही त्याला काही वाटलं नव्हतं. आता त्याला हिशोब लख्ख दिसत होता. झरा बारीक होता. तीनची मोटर घटकाभरात विहीर कोरडी करत होती आणि मग कोरडीच फिरून जळत होती. बाईनं मोटर नीट चालवली नाही, असं तो सगळ्यांना सांगत आला होता. त्याला लाज वाटली. मंगल आत गेली होती, अंगणात तो एकटाच होता, तरी त्यानं मान खाली घातली.

संध्याकाळी त्यानं अमरसिंहाला फोन केला आणि एकाचीच बसवायची म्हणून सांगितलं. अमरसिंह बराच वेळ कुरकुरला. शेवटी एका अटीवर तयार झाला: मोटरीच्या खोलीला कुलूप लावायचं, किल्ली त्याच्याकडं. त्याप्रमाणे झालं. एकाची मोटर बसली. तिसऱ्या दिवशी तलावाच्या तळाशी सुग्रीवची वाटी दिसू लागली, पाचव्या दिवशी फरशांमधल्या रेघा मोजता आल्या. अमरसिंहानं धनश्रीच्या हातात दसऱ्याची पत्रिका दिली आणि पाहुण्यांना मोटर पाचचीच सांगायची, असं बजावलं.

त्याच आठवड्यात सुग्रीवनं एकाची आणखी एक मोटर खोक्यातून काढली, पाण्याच्या टाकीवर चालवून बघितली आणि मोटरसायकलला मागं बांधली. कुठं निघालात म्हणून धनश्रीनं विचारलं.

"भामामावशीकडं. तिची मोटर द्यायची राहिली हाय."

भामाबाईची मोटर जळली तेव्हा धनश्री शाळेत होती, पण ते वाक्य तिलाही ठाऊक होतं. तिनं बांधलेली दोरी एकदा ओढून बघितली आणि आणखी एक गाठ मारली.

वस्तीकडं जाणारी वाट खडकाळ होती. गाडी ओढ्यापाशी लावून, मोटर खांद्यावर घेऊन सुग्रीव चालू लागला. काय बोलायचं ते त्यानं ठरवलं होतं. आधी मोटर ठेवायची, मग म्हणायचं की मावशी, ही तुमची, तेव्हाच द्यायला पाहिजे होती. पैशाचं काढायचं नाही. मोटर स्वतःच्या हातानं बसवायची, पाणी आलेलं दाखवायचं, मग निघायचं. भामाबाईच्या तोंडावर काय दिसेल, याचाही त्यानं थोडा विचार केला होता आणि तो विचार त्याला सुखाचा वाटला होता.

बोरीच्या झुडपापाशी तो थांबला. कुठूनतरी आवाज येत होता. बारीक, एकसारखा, न थांबणारा. त्यानं डोळे मिटले. मिटायची गरज नव्हती, पण सवय होती. आवाज एकाच्या मोटरीचा होता.

खांद्यावरचं ओझं तिथंच झुडपाखाली ठेवावं असं त्याच्या मनात आलं. पण कुत्रं भुंकलं आणि भामाबाई पडवीतून बाहेर आली. केस सगळे पांढरे झाले होते; काखेत एक कोकरू होतं. तिनं त्याला ओळखलं, खांद्यावरची मोटरही बघितली.

"या मिस्तरी. वाट चुकला का?"

त्यानं मोटर खाली ठेवली आणि विहिरीकडं बघितलं. काठावर पत्र्याच्या आडोशाला मोटर चालू होती. तिच्या पाइपातून करंगळीएवढी धार दगडी कुंडीत पडत होती. कुंडी काठोकाठ भरली होती.

"ही कवा बसवली, मावशी?"

"सात वर्सं झाली आसतील. पोरानं परळीहून आणली."

"एकदाबी जळली न्हाई?"

"कावून जळंल? ती तिच्या चालीनं चालती."

सुग्रीव विहिरीपाशी गेला. विहीर जुनी, दगडी पायऱ्यांची. पाणी तिसऱ्या पायरीच्या खाली होतं, नितळ. तो वाकून बघत राहिला. मग मागं न वळता त्यानं विचारलं, एकाचीच लागेल हे तुम्हाला कशावरून कळलं? आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाला मोटरीबद्दल विचारत होता.

भामाबाईनं कोकरू खाली सोडलं. तिच्या दृष्टीनं त्यात कळण्यासारखं फार काही नव्हतं. संध्याकाळी मेंढरं पिऊन झाली की पाणी चौथ्या पायरीवर उतरतं. रात्रभरात झरा एक पायरी भरून देतो आणि सकाळी पाणी तिसरीवर येतं. रोज एक पायरी, त्याहून जास्त तो देत नाही. उन्हाळ्यात अर्धीच देतो, तेव्हा मोटर अर्धा वेळ लावायची.

"इहीर देती तेवढंच घ्यायचं," ती म्हणाली. "त्याच्यापरीस जादा वढणारी मोटर घिऊन काय करू?"

सुग्रीव पायरीवर बसला. धनश्रीच्या वहीतला हिशोब आणि हा हिशोब एकच होता. तिथं सत्तर हजार लिटर आणि सहा तास होते, इथं एक पायरी आणि एक रात्र. पोरगी तो डिप्लोमात शिकली होती. भामाबाई तो आठ वर्षांपूर्वी दुकानात घेऊन आली होती.

"हे मला तवाच सांगितलं आसतं तर..."

"सांगतच हुते की," भामाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तवर समदे हसाया लागले."

पाइपातली धार कुंडीत पडत राहिली. सुग्रीवनं विहिरीचं गार पाणी ओंजळीत घेतलं, तोंडावर मारलं आणि उपरण्यानं पुसलं. पुसायला त्याला जरा जास्त वेळ लागला.

"चूक माझी हुती, मावशी. मोटर मीच मोठी दिली."

"मला ठावं हाय ते."

"मंग ही बसवली तवा बाजारात कुणाला बोलल्या कावून न्हाईत?"

"एकाची मोटर म्हणलं की लोक हसत्यात. एकदा हसू झालं तेवढं बास हाय की." तिनं पडवीकडं हात केला. "च्या घ्या. मेंढीच्या दुधाचा हाय, चालंल का?"

तो चहा प्यायला. आणलेली मोटर ठेवून घ्या, अडीनडीला होईल, असं म्हणून बघितलं. भामाबाईनं नको म्हटलं. एक आहे, ती चालते आहे, दुसरी घरात ठेवून काय करू, असं तिचं म्हणणं. सुग्रीवला आग्रह करता आला नाही. निघताना त्यानं पायऱ्यांचं पुन्हा एकदा विचारून घेतलं: पावसाळ्यात पाणी कितव्या पायरीवर असतं, चैतात कुठवर उतरतं. तिनं सगळं सांगितलं. मोटर खांद्यावर घेऊन तो आल्या वाटेनं परतला. विहिरीवरच्या मोटरीचा आवाज ओढ्यापर्यंत ऐकू येत होता.

तो दुकानापाशी पोचला तेव्हा बाजार भरला होता. बाकावर सात-आठ माणसं चहा पीत बसली होती, धनश्री तलवाडा गावच्या एका माणसाला पाइपांचे भाव सांगत होती. सुग्रीवनं मोटरसायकलला बांधलेली मोटर सोडली आणि उचलून आत आणली. धनश्रीनं मोटरीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. या दुकानात मोटर परत येत नसे.

"का नाना, कुणी घेतली न्हाई वाटतं?" बाकावरून एकजण म्हणाला.

"भामामावशीकडं घिऊन गेलतो. घाटाखालच्या."

"एकाची?" तो माणूस हसला आणि बाकीच्यांकडं बघत म्हणाला, "मोटर कधी मोठी नसती..."

पुढचं सगळ्यांना पाठ होतं. दोघं-तिघं ते बोललेसुद्धा. मग सगळे सुग्रीवकडं बघू लागले, कारण या ठिकाणी तो नेहमी हसायचा.

"ते मी चुकीचं बोललो हुतो," सुग्रीव म्हणाला.

त्यानं मोटर टेबलावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. मग उभ्याउभ्याच सांगितलं की भामाबाईकडं एकाची मोटर आहे, सात वर्षं चालते आहे, एकदाही जळलेली नाही. तिची तीनची जळली ती आपल्यामुळं जळली. ती तेव्हा खरं सांगत होती आणि आपण ऐकलं नाही. हे सगळं त्यानं हळू आवाजात सांगितलं, त्यामुळं ऐकण्यासाठी लोकांना गप्प बसावं लागलं. कुणी हसलं नाही. एकानं कप खाली ठेवला.

तलवाड्याचा माणूस बिचारा मधेच अडकला होता. त्याला विहिरीवर मोटर घ्यायची होती. गावात पाचची सांगितली आहे, पण तुमच्या हिशोबानं साडेसातची देत असाल तर तीच द्या, असं तो म्हणाला.

सुग्रीवनं खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसला. धनश्रीला वही आणायला सांगितली.

"इहिरीला पायऱ्या हायेत का?" त्यानं विचारलं.

"हायेत."

"रातभरात पाणी किती पायऱ्या चढतंय?"

त्या माणसानं डोकं खाजवलं. ते कुणी बघतं का, असं म्हणाला.

"बघणारे बघतात," सुग्रीव म्हणाला. "आज जा, सांजच्याला खूण कर, सकाळला बघ. मंग ये. मोटर कुठं पळून जात न्हाई."

गिऱ्हाईक मोटर न घेताच गेलं. धनश्रीनं वहीत त्याचं नाव लिहिलं, पुढं 'पायऱ्या' असं लिहून जागा कोरी सोडली.